फितीवरील एक नांव

जतन करणें आणि जतन केलेलें हवें तेव्हां हातीं येणें या दोन गोष्टी एकच होत, असा आपणां सर्वांचा, विशेषतः घरांतील कर्त्या पुरुषांचा, एक जुना समज आहे. माळ्यावर ट्रंका चढविल्या, त्यांना कुलुपें घातलीं आणि किल्ल्या देवघरांतल्या डबींत ठेवल्या, कीं आपलें कर्तव्य संपलें असें आपण मानतों. पुढें एखाद्या दिवशीं कोणाचा तरी जन्माचा दाखला लागतो. मग सबंध माळा खालीं येतो, घरांत दोन दिवस धूळ उडते, आणि दाखला सांपडतो तो भलत्याच ट्रंकेंत, एखाद्या लग्नांतील अहेराच्या यादीच्या घडींत. सर्व सामान सुखरूप होतें यांत शंका नाहीं. परंतु त्या सुखरूपपणाचा उपयोग एका कागदापुरता काय झाला, हें ज्यानें धूळ खाल्ली त्यालाच विचारावें.

आमच्या उमेदीचीं वर्षें ज्या कामांत गेलीं त्यांत या माळ्याची जागा चुंबकीय फितीची होती. पुण्यांतील एका शिक्षणसंस्थेंत युनिक्स पद्धतीच्या संगणकाची देखरेख आमच्याकडे असे. युनिक्सचा जन्म १९६९ सालीं अमेरिकेंत, न्यू जर्सी संस्थानांतील बेल प्रयोगशाळेंत झाला. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची हे त्याचे मुख्य कर्ते. त्यांनीं ही व्यवस्था आपल्यासारख्याच जाणत्या माणसांकरितां रचिली, आणि त्यामुळें तिच्या स्वभावांत एक प्रकारचा करारीपणा उतरला. ‘आरएम’ ही दोन अक्षरांची आज्ञा. तिच्यापुढें फाइलीचें नांव लिहून कळ दाबली कीं फाईल गेली. खरोखरच पुसावयाची काय, असें ती सहसा विचारीत नाहीं. काम झाल्यावर झालें म्हणूनहि सांगत नाहीं. हल्लींच्या संगणकांवर दिसते तशी केराची टोपलीहि तेथें नव्हती, कीं जिच्यांत हात घालून टाकलेला कागद पुन्हां उचलावा. आज्ञा देणारा शहाणा आहे हें युनिक्सनें गृहीत धरलें आहे. याहून धोक्याचें गृहीत आमच्या तरी पाहण्यांत नाहीं. आणि म्हणूनच रात्रीं सर्व मंडळी घरीं गेल्यावर संगणकांतील सारें कांहीं फितीवर उतरवून ठेवण्याची चाल पडली.

तबकडी आणि फीत यांतील भेद घरच्या मंडळींना आम्ही पुढीलप्रमाणें सांगत असूं. तबकडी म्हणजे पोथी. हवें तें पान काढावें आणि वाचावें. फीत म्हणजे जुन्या पद्धतीची, गुंडाळून ठेवलेली जन्मपत्रिका. तींतील शेवटची दशा पाहावयाची, तर वरच्या गणपतीपासून सारें भेंडोळें उलगडीत जावें लागतें. आमच्याकडील फीत पाव इंच रुंद आणि सुमारें ६०० फूट लांब असे. ती हाताच्या पंजाएवढ्या डबींत बसे, आणि तिच्यावर १५ कोटी अक्षरें मावत. या टोंकापासून त्या टोंकापर्यंत एक ओळ, तेथून उलट दिशेनें दुसरी, अशा अठरा ओळी तिच्यावर नागमोडी लिहिल्या जात. यंत्रांत फीत धांवूं लागली म्हणजे जो एकसुरी किरकिराट होई, तो पुढें पुढें आम्हांला इतका परिचयाचा झाला कीं मध्येंच तो थांबला तर आमची झोंप मोडे.

फितीवर लिहिण्याचे प्रकार मुख्यतः दोन. पहिला ‘टार’. टेप आणि आर्काइव्ह या दोन इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरें जोडून हें नांव झालें, आणि १९७९ सालच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर तें जगापुढें आलें. टारची रीत अगदीं भोळी आहे. प्रत्येक फाइलीच्या आधीं ५१२ अक्षरांचा एक मथळा, त्यांत तिचें नांव, मालकाचा क्रमांक, लांबी आणि शेवटच्या बदलाची वेळ, मग मजकूर, मग पुढच्या फाइलीचा मथळा. आरंभीं अनुक्रमणिका म्हणून कांहीं नाहीं. एखादी फाईल मागितली तर टार पहिल्यापासून वाचीत निघतो, आणि ती सांपडल्यावरहि थांबत नाहीं, शेवटापर्यंत जातो. कारण त्याच नांवाची नवी प्रत पुढें कोणी जोडलेली असूं शकते, आणि असल्यास तीच खरी धरावयाची असते. आजहि ज्यांनीं आयुष्यांत फीत पाहिलेली नाहीं असे तरुण आपल्या फायलींचें गांठोडें बांधून दूरदेशीं पाठवितांना टारचेंच नांव घेतात. जात्याचा खुंटा कधीं हातीं न धरलेल्या मुलींनीं ओव्या म्हणाव्या, त्यांतलाच हा प्रकार. पण ओव्या टिकल्या हें कांहीं वाईट झालें नाहीं.

दुसरा प्रकार ‘डंप’. हा अधिक व्यवहारी, आणि तो समजण्यासाठीं युनिक्समधील एक गंमत सांगितली पाहिजे. तेथें फाइलीचें नांव फाइलीजवळ नसतें. फाईल ओळखली जाते ती एका क्रमांकानें. त्याला आय-नोड म्हणतात. नांव राहतें डिरेक्टरींत, त्या क्रमांकाच्या शेजारीं. एकाच क्रमांकाला दोन ठिकाणीं दोन नांवें असूं शकतात, आणि आपल्याकडील विवाहित स्त्रियांना यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं. आरएमनें जें पुसलें जातें तें वास्तविक हें नांव. शेवटचें नांव गेलें, म्हणजे त्या क्रमांकाची जागा व्यवस्था दुसऱ्या कोणास देऊन टाकते. डंप फितीच्या आरंभीं कोणकोणते क्रमांक फितीवर आहेत याचा नकाशा लिहितो, मग सर्व डिरेक्टऱ्या, आणि त्यानंतर चढत्या क्रमांकानें एकेक फाईल. म्हणजे फितीचा पहिला भाग वाचला कीं गांवचा सगळा नकाशा नजरेपुढें येतो: कोणत्या आळींत कोणाचें घर, कोणत्या घरांत कोण, माणसें तेवढीं अद्याप यावयाचीं असतात. त्यांना हांक मारावयाची ती ‘रिस्टोअर’ या आज्ञेनें. १९८३ सालच्या बर्कलीच्या आवृत्तीबरोबर आलेल्या या आज्ञेंत संवादाची सोय आहे. फितीवरील डिरेक्टऱ्यांतून, जणूं त्या तबकडीवरच आहेत अशा रीतीनें, हिंडतां येतें. जी फाईल हवी तिच्यावर खूण केली कीं नांवापुढें एक चांदणी उमटते. खुणा करून झाल्या म्हणजे उचलण्याची आज्ञा द्यावयाची.

सबंध तबकडी परत भरणें हें या मानानें सोपें काम आहे. त्यांत श्रम असतात, रात्र जागावी लागते, पण विचार करावा लागत नाहीं. जें फितीवर आहे तें सर्व ओतावयाचें. एक फाईल परत आणावयाची म्हटली, कीं तिचें नांव काय, ती कोठें राहत असे, आणि कोणत्या रात्रीची हवी, हे तीन प्रश्न उभे राहतात, आणि त्यांचीं उत्तरें फीत देत नाहीं. तीं मागणाऱ्याच्या स्मरणांत असावीं लागतात.

फीत आतां इतिहासजमा झाली असेल, असा वाचकांचा ग्रह होण्याचा संभव आहे. म्हणून दोन शब्द. २०११ सालच्या फेब्रुवारींत गूगलच्या जीमेलमध्यें एक सदोष सुधारणा शिरली आणि दर दहा हजारांपैकीं सुमारें दोन ग्राहकांचीं पत्रें नाहींशीं झालीं. निरनिराळ्या ठिकाणीं ठेवलेल्या प्रतींनाहि तोच दोष बाधला. पत्रें परत आलीं तीं फितींवरून; कारण तारेला न जोडलेल्या फितीपर्यंत ती बाधा पोंचलीच नव्हती. हल्लींच्या एलटीओ जातीच्या नवव्या पिढीची एक फीत १८ लाख कोटी अक्षरें सांठविते. उलट पक्षीं, फिती आहेत एवढ्यावर विसंबणाऱ्यांचे काय होतें हें १९९८ सालीं पिक्सार कंपनीनें अनुभविलें. ‘टॉय स्टोरी २’ हा चित्रपट तयार होत असतां कोणाकडून तरी भलत्या ठिकाणीं आरएम दिला गेला, आणि चित्रपटांतील पात्रें पाहतां पाहतां तबकडीवरून नाहींशीं होऊं लागलीं. राखून ठेवलेल्या प्रती काढून पाहाव्या तों त्या सदोष निघाल्या. गेलिन सुसमन या बाई बाळंतपणामुळें घरून काम करीत असत. त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. तो संगणक रजयांत गुंडाळून मोटारींतून कचेरींत आणला, तेव्हां चित्रपट वांचला. राखलेल्यांतून मधून मधून एखादी फाईल कोणी मागत असता, तर हा दोष आधींच उघडकीस आला असता, असें आमचें मत आहे. एक फाईल मागण्यास येणाऱ्या माणसाचा संगणकघरांतील लोकांना फार कंटाळा असतो. वस्तुतः त्याला बसावयास खुर्ची दिली पाहिजे.

१९९६ सालच्या आषाढांत आमच्याकडे अशाच एक बाई आल्या. साताऱ्याकडील एका शाळेंत त्या शिक्षिका होत्या. त्यांचे वडील आमच्या संस्थेंतून निवृत्त झालेले गृहस्थ. शेतकीचे आणि बलुतेदारांचे शब्द गोळा करण्याचा त्यांना नाद होता. निवृत्तीनंतरहि त्यांना संगणकावर बसण्याची मुभा होती, आणि दुपारीं दोन ते पांच ते न चुकतां येत. देवनागरी अक्षरें उमटविणारा एक पडदा त्या वेळीं आमच्याकडे होता. सी-डॅक या सरकारी संस्थेची ती जिस्ट नांवाची करामत. त्या पडद्यापुढें बसून ते एका बोटानें टंकीत. एक टिपण टंकून झालें, कीं मूळ कागदाचे चार तुकडे करून ते टोपलींत टाकीत, आणि मग चहा घेत. त्या जानेवारींत ते वारले. मार्चअखेर झाल्यावर, संस्थेच्या रिवाजाप्रमाणें, जे आतां येत नाहींत अशा लोकांच्या जागा मोकळ्या करण्याचा कार्यालयाचा हुकूम झाला, आणि एप्रिलांत त्यांची डिरेक्टरी पुसली गेली.

बाईंजवळ छापील कागदांचें एक बाड होतें. कुंभार, लोहार, चांभार, खळें, नांगर हीं सर्व प्रकरणें त्यांत होतीं; वडिलांनीं वेळोवेळीं छापून घरीं नेलेलीं. मोटेचें प्रकरण तेवढें नव्हतें. पुस्तक छापावयास एक छापखाना तयार झाला होता. बाईंनीं घर धुंडाळलें होतें, वडिलांच्या मित्रांना पत्रें लिहिलीं होतीं, आणि शेवटीं, कोणी सांगितलें म्हणून, त्या आमच्याकडे आल्या होत्या. “काका, बाबांनीं कागद कांहींच ठेवला नाहीं,” त्या म्हणाल्या, “ते म्हणत, संगणकांत आहे.”

आतां फितींचा हिशेब असा. रोजच्या फितीवर आदल्या मोठ्या फितीनंतर जें बदललें तेवढेंच उतरे, आणि त्या फिती पंधरवड्यानें पुन्हां वापरल्या जात. महिन्याच्या शेवटीं सर्व कांहीं उतरवावयाचें. डंपच्या भाषेंत ही शून्य पातळी. त्याला तीन फिती लागत, आणि तें त्रिकूट सहा महिने राही. याखेरीज दर दसऱ्याला एक त्रिकूट कायमचें म्हणून संस्थेच्या दुसऱ्या इमारतींत ठेवीत असूं. म्हणजे बाईंच्या वडिलांची डिरेक्टरी जिच्यावर आहे अशी शेवटची मासिक फीत मार्चची होती, आणि सप्टेंबरअखेर तिच्यावर नवें लिहिलें जाणार होतें. बाई दिवाळीच्या सुटींत यावयाच्या होत्या. शाळेला मध्येंच दोन दिवस सुटी मिळाली, म्हणून आषाढांत आल्या.

मार्चची पहिली फीत यंत्रांत घातली. बरेच दिवस न हललेली फीत वाचण्यापूर्वीं एकदां या टोंकापासून त्या टोंकापर्यंत नेऊन परत आणावी लागते, म्हणजे तिचा ताण सारखा होतो, तेवढे केलें. मग रिस्टोअरनें डिरेक्टऱ्या वाचल्या, आणि वडिलांचें घर पडद्यावर आलें. एकेचाळीस नांवें, रोमन लिपींत टंकलेलीं. रिस्टोअरच्या या यादींत नुसतीं नांवें दिसतात. फाईल केवढी, केव्हां बदललेली, यांतलें कांहीं कळत नाहीं. ‘मोट’ असें नांव त्यांत नव्हतें. ‘भाता’ होतें, ‘आरी’ होतें, ‘चाक’ होतें, ‘नाडा’ होतें. नाडा म्हणजे शिंप्याचें प्रकरण असावें, असा तर्क आमच्या तरुण सहकाऱ्यानें केला.

बाई हंसल्या. आल्यापासून प्रथमच हंसल्या. “शिंप्याचा नाडा नव्हे, मोटेचा. मोट ओढणारा जाड दोर तो नाडा, आणि सोंडेचा बारीक दोर तो सोंदूर. बैल धांवेवरून खालीं गेले कीं मोट वर येते आणि थारोळ्यांत रिती होते. चाक मोटेलाहि असतें; पण बाबा ‘चाक’ म्हणतील तें कुंभाराचें.” वडील प्रत्येक प्रकरणाला त्यांतील जो शब्द प्रथम मिळाला त्याचें नांव देत, हें मुलीखेरीज दुसऱ्या कोणास ठाऊक असणें शक्य नव्हतें.

येथें एखादा जाणता वाचक म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? सारी डिरेक्टरीच उचलावी आणि मग पाहावें. यंत्राच्या दृष्टीनें तें अगदीं सोपें होतें. एका नांवापुढें चांदणी काय आणि एकेचाळिसांपुढें काय. आम्हीं तसें बाईंना सुचविलेंहि. त्या यादी पुन्हां वाचूं लागल्या. बलुतेदारांशीं संबंध नसलेलीं अशीं पांचसात नांवें शेवटीं होतीं. त्यांपैकीं एका नांवावर त्यांची नजर थांबलेली आम्हांला दिसली. तें नांव आम्हीं वाचलें, कारण न वाचण्याची सोय नव्हती. पण येथें सांगण्याचें कारण नाहीं. फाइलींची राखण करणाऱ्या माणसाला लोकांच्या घरांतील पुष्कळ नांवें नकळत वाचावीं लागतात, आणि न्हाव्यानें व वैद्यानें जसें वागावें तसें त्यानें वागावें. थोड्या वेळानें बाई म्हणाल्या, “नाडा तेवढा द्या.”

एका नांवापुढें चांदणी उमटली. उचलण्याची आज्ञा देतांच रिस्टोअरनें विचारलें, कोणत्या फितीपासून आरंभ करूं? फाईल कोणत्या फितीवर आहे हें ठाऊक नसेल, तर शेवटच्या फितीपासून सुरू करून मागें या, असा सल्लाहि तो स्वतःच देतो. क्रमांक चढते असल्यामुळें त्यांत वाचण्याची मेहनत वांचते. आम्हीं तिसरी घातली. तिच्यांत नाहीं. दुसरी घातली. अर्धा तास किरकिराट चालला होता. पावसानें दोनदां दिवे मंदावले, आणि प्रत्येक वेळीं बाईंपेक्षां आमचेंच लक्ष दिव्याकडे अधिक होतें. जुन्या फितीनें एका ठिकाणीं हट्ट धरला, तर त्या ठिकाणचें अक्षर गेलें असें समजावें लागतें. मग किरकिर थांबली, मालकी आणि परवानगी हींहि जुन्याप्रमाणें करूं काय असा शेवटचा प्रश्न आला, त्याला आम्हीं नको म्हटलें, आणि मोकळ्या केलेल्या एका नव्या डिरेक्टरींत नाडा येऊन पडला.

परत आणलेली वस्तु नेहमीं अशा रिकाम्या जागीं उतरवावी, मूळ ठिकाणीं कधींहि उतरवूं नये, हा आमचा कडक नियम होता; नाहींतर काल परत आलेलें आज केलेल्यावर बसतें. या खेपेस मूळ ठिकाणच उरलें नव्हतें, तरी नियम पाळला. आणि तेथें एक चमत्कार दिसला. फाइलीच्या मालकाचें नांव म्हणून पडद्यावर जूनमध्यें कामावर लागलेल्या एका उमेदवार कारकुनाचें नांव आलें होतें. फितीवर मालकाचा क्रमांक असतो, नांव नसतें. वडिलांचा क्रमांक एप्रिलांत मोकळा झाला आणि जूनमध्यें या मुलास मिळाला. तो मुलगा शेजारच्याच खोलींत बसे. वीस वर्षांचा पोरगा, त्यानें मोट पाहिलेलीहि नसेल. बाईंनीं तें नांव वाचलें आणि विचारलें, “हे कोण?” आम्हीं सांगितलें. “बरें झालें,” त्या म्हणाल्या. काय बरें झालें तें आम्हांला समजलें नाहीं.

देवनागरी पडद्यावर फाईल उघडली. अक्षर न् अक्षर शाबूत. बाई वाचूं लागल्या, आणि आम्ही आमच्या कामास गेलों. परत आलों तों त्या गप्प बसलेल्या होत्या. एक शब्द सांपडत नव्हता. त्यांच्या आजीचा, म्हणजे वडिलांच्या आईचा, मोटेच्या पाण्याविषयींचा एक शब्द होता. आदल्या वर्षीं गणपतीच्या दिवसांत वडिलांनीं तो टंकल्याचें त्यांना स्वतः सांगितलें होतें, आणि सांगतांना त्यांचा आवाज बदलला होता. तो या प्रकरणांत नव्हता. फीत अर्धवट वाचली गेली काय, असें त्यांनीं विचारलें. फाईल शेवटपर्यंत उतरली होती. तिच्या लांबीचा आंकडा फितीवरच असतो, आणि तो जुळत होता.

दुसऱ्या दिवशीं दसऱ्याच्या फिती दुसऱ्या इमारतींतून आणविल्या. तेंच घर, तीं बहुतेक सगळीं नांवें, तोच नाडा. तो दुसऱ्या रिकाम्या जागीं उतरविला. दोघांचें नांव एकच, म्हणून एका ठिकाणीं ठेवले असते तर एकानें दुसऱ्यास गिळलें असतें. दसऱ्याचा नाडा मार्चच्या नाड्याहून मोठा होता. दोन फायलींतील भेद ओळीओळीनें दाखविणारी ‘डिफ’ नांवाची एक आज्ञा युनिक्समध्यें आहे. ती चालविली. एकोणीस नोंदी दसऱ्याला होत्या आणि मार्चला नव्हत्या. त्या सर्वांचा एक समान विशेष होता: प्रत्येकीच्या शेवटीं, हा शब्द कोणाकडून ऐकला त्या जागीं, एकाच माणसाचें नांव होतें. ज्या नोंदी राहिल्या होत्या त्यांना दोन, तीन, कोठें पांच साक्षी होत्या. आजीच्या शब्दापुढें साक्षीच्या जागीं ‘आई’ एवढेंच लिहिलें होतें.

म्हणजे फितीनें कांहीं गाळलें नव्हतें. प्रकृति ढासळत असतां, दसरा आणि जानेवारी यांच्या दरम्यान केव्हां तरी, दुपारीं दोन ते पांच या वेळांत, त्या गृहस्थांनीं स्वतः बसून, एका साक्षीवर उभे असलेले एकोणीस शब्द एकेक करून काढून टाकले होते. आणि त्यांत आईचा शब्दहि, तिच्याकरितां नियम न मोडतां, काढला होता.

आमचा तरुण सहकारी म्हणाला, मोठीच फाईल छापावी. शब्द वांचले तर कोणाचें काय जातें? आम्हांला तसें वाटेना. फितीला सर्व रात्री सारख्या. दसऱ्याची रात्र तिला मार्चच्या रात्रीइतकीच खरी. पण माणसाचें तसें नसतें. त्यानें शेवटीं जें ठेवलें तें त्याचें, आणि जें खोडलें तें खोडण्याचा अधिकारहि त्याचाच. दुसऱ्या बाजूनें, तो शब्द बोलणारी म्हातारी गेली, टिपणारा गेला, कागदाचे चार तुकडे झाले. फितीवरची ती एक ओळ पुसली कीं तो शब्द कोठेंच नाहीं. दोन्ही बाजू आम्हीं बाईंपुढें मांडल्या, आणि निवाडा करण्याचें काम आमचें नव्हतें, याबद्दल मनांत देवाचे आभार मानले.

बाईंनीं दुपारभर विचार केला. छापखान्यासाठीं मार्चचा नाडा त्यांनीं फ्लॉपीवर घेतला. दसऱ्याच्या नाड्यांतल्या त्या एकोणीस नोंदी आम्हांला वेगळ्या छापून द्यावयास सांगितल्या, आणि तो कागद घडी घालून पर्समध्यें ठेवला. पुस्तक पुढल्या वर्षीं निघालें. एक प्रत आमच्याकडे आली. मोटेच्या प्रकरणांत तो शब्द नाहीं. म्हणून आम्हीहि तो येथें देत नाहीं.

सप्टेंबर संपतांना वेळापत्रकाप्रमाणें मार्चचें त्रिकूट पुन्हां वापरण्याची पाळी आली. त्या जातीच्या फितीच्या डबीवर एका कोपऱ्यांत लहानशी फिरकी असते; ती फिरवून बाण ‘सेफ’ या शब्दाकडे केला, म्हणजे यंत्र तिच्यावर लिहावयाचें नाकारतें, वाचतें मात्र. तिन्ही फितींच्या फिरक्या आम्हीं फिरविल्या, आणि भांडारांतून तीन नव्या फिती मागविल्या. जुन्या कां परत आल्या नाहींत, असें भांडारप्रमुखांनीं मागणीच्या कागदावर विचारलें होतें. त्या रकान्यांत आम्हीं ‘वापरांत आहेत’ असें लिहून सही केली.